जिभेवरची माती

आत्याने घमेल्यातलं ओलं ढेकूळ उचललं, अंगठ्याने त्यातली चिमूटभर माती सुटी केली आणि जिभेच्या टोकाला लावली. मग अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन थुंकली.

"खारट आहे. टाकून दे."

ती माती मी उलव्यातल्या एका इमारतीच्या पायाच्या खड्ड्यातून आणली होती. वरचा मुरमाचा भराव संपला की खाली लागते ती करडी, लोण्यासारखी मऊ माती. डंपरवाल्याला ती कुठे नेऊन ओतायची याची चिंता होती, त्याने दोन पोती खुशीने दिली. चाकावर ती इतकी छान उठत होती की महिनाभर मी त्याच आनंदात होते.

"धुवून घेईन की. चार पाण्यांत मीठ निघून जातं."

"धू. शिंपल्या कशा धुशील?" तिने ढेकूळ मोडून माझ्यासमोर धरलं. आत नखाएवढे पांढरे तुकडे होते.

शिंपल्याचं रसायन आत्याला सांगता येणार नाही, पण त्याने काय होतं ते तिला पाठ आहे. भट्टीत शिंपला भाजतो आणि त्याचा कळीचा चुना होतो. भांडं बाहेर येतं तेव्हा धडधाकट दिसतं. नंतर हवेतली ओल शोषून चुन्याचा तो कण फुगतो आणि आठवड्याभराने, कुणी हातही न लावता, भांड्याच्या अंगाचा टवका उडतो. "माठ असा परत येतो," आत्या म्हणाली. "आणि गिऱ्हाईक मातीला नाही, कुंभाराला बोलतं."

आम्ही बसलो होतो ते बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये, मी भाड्याने राहते त्या घराच्या अंगणात. चार्ल्स कोरियांनी 1980 च्या दशकात सिडकोसाठी आखलेली ही वसाहत. सात-सात घरं एका लहानशा चौकाभोवती, कुणाची भिंत कुणाच्या भिंतीला लागलेली नाही, आणि प्रत्येक घराच्या वाट्याला थोडं तरी उघडं आभाळ. आता यातली पुष्कळ घरं वाढवून उंच झाली आहेत. तरी नवी मुंबईत मातीचं भांडं सावलीत सुकत ठेवायला अंगण हवं असेल, तर ते इथे मिळतं.

आत्या 68 वर्षांची. आमचं गाव पनवेलच्या पूर्वेला, 2013 पासून ते 'नैना'च्या, म्हणजे नव्या विमानतळाभोवती आखलेल्या शहराच्या, नकाशात आहे. तिथल्या कुंभारआळीत आमची तीन घरं होती. आजोबांच्या चाकावरून शेवटची भांडी उतरली तेव्हा माझे वडील एका कारखान्यात कामाला लागलेले होते आणि आत्या लग्न होऊन तुर्भ्याला आली होती. मग मध्ये एक पिढी कोरडी गेली. तीन वर्षांपूर्वी मी वर्गाची फी भरून मातीकाम शिकले. चाक विजेचं, माती पिशवीतली. ती पिशवी गुजरातहून येते.

"मला आपल्या मातीची भांडी करायची आहेत, आत्या. इथल्या. गंमत बघ, धारावीच्या कुंभारवाड्यातसुद्धा माती गुजरातची. पेणच्या गणपतींचा शाडूही तिकडचाच. आपल्या पायाखाली एवढी माती असताना."

"मग त्यात वाईट काय झालं? धारावीचे कुंभार सौराष्ट्रातून आले, माती त्यांच्यामागून आली. त्यांची भट्टी अजून पेटते. आमच्याकडे गावची माती होती, गावचं पाणी होतं. आमची विझली."

याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. पण तिचं म्हणणं मला पटलेलंही नाही. पिशवीतल्या मातीत निवड आधीच झालेली असते. कुठली माती किती घ्यायची, किती आकसेल, किती आच सोसेल, हे सगळं दुसऱ्या कुणीतरी ठरवून पिशवीवर छापलेलं असतं. माझ्याकडे उरतो फक्त आकार. आणि आत्या जे जिभेच्या टोकावर करते ते मला येत नाही. माझ्या शिक्षकांना येत नाही. ते कुठे लिहूनही ठेवलेलं नाही.

"मग तूच सांग, आजोबा कुठली माती घ्यायचे?"

ती आधी बोलेना. मग बोलली ते बराच वेळ.

एका मातीत कधी भागत नाही, दोन लागतात. तळ्याच्या तळाची काळी, चिकट, आणि भातखाचराच्या बांधाची तांबूस, जराशी रेताड. नुसत्या चिकट मातीचं भांडं सुकताना आकसून तडकतं. नुसती रेताड घेतली तर चाकावर उभी राहत नाही. दोन्ही वेगवेगळ्या सुकवायच्या, कुटायच्या, चाळायच्या, भिजत टाकायच्या, मग एकत्र करून पायांनी तुडवायच्या. त्यात घोड्याची नाहीतर गाढवाची लीद आणि चाळलेली राख. लीद आव्यात जळून जाते आणि भांड्याच्या अंगात बारीक वाटा ठेवून जाते. माठ पाझरतो तो त्याच वाटांनी. "पण कालवणाच्या तवलीला तसलं नाही चालत," ती म्हणाली. "तिला जाडी रेती लागते. पाण्याचं भांडं वेगळं, विस्तवाचं वेगळं. तुम्ही एका पिशवीत दोन्ही करता."

हे तिचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. तापताना भांड्याचा तळ आणि कड सारखी फुगत नाहीत. घट्ट, गुळगुळीत अंगात एक चीर पडली की ती थेट कडेपर्यंत धावते. रेतीचे जाडे कण असले की चीर त्यांच्यापाशी अडते.

"तळं कुणाचं होतं?"

"गावचं. मे महिन्यात आटलं की गाळ आम्ही काढायचा. आम्हाला माती, गावाला पुढच्या वर्षी जास्त पाणी. कुणी परवानगी मागितली नाही, कुणी दिली नाही." थोडं थांबून ती म्हणाली, "सिडकोने जमिनी घेतल्या त्याविरुद्धच्या आंदोलनात 1984 ला जासई-नवघरला गोळीबारात पाच माणसं गेली. त्यानंतर साडेबारा टक्के जमीन परत मिळाली, ती सातबाऱ्यावर नाव असलेल्यांना. आपल्या मातीचा हक्क कुठल्या उताऱ्यावर होता गं?"

मी तिला सांगितलं की परंपरागत कुंभाराला मातीच्या स्वामित्वधनात सवलत आहे. खादी ग्रामोद्योग आयोग 2018 पासून विजेची चाकं देतोय. 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत जे 18 व्यवसाय आहेत त्यात कुंभार आहे, आणि अवजारांसाठी 15,000 रुपये मिळतात.

"चाक फिरवायला माणूस कधी कमी पडला नव्हता," आत्या म्हणाली. "माती कुठून आणायची ते देतात का?"

देत नाहीत. नवी मुंबईत तर मातीच्या वाटा एकेक करून बंद झाल्या आहेत. खाडीकाठची माती खारी, आणि ती घ्यायचीही नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये खारफुटीला आणि तिच्याभोवतीच्या 50 मीटर पट्ट्याला संरक्षण दिलं. ते योग्यच झालं, भांड्यासाठी मी खारफुटीच्या मुळांशी फावडं लावणार नाही. तळोज्याच्या कारखान्यांजवळून वाहणाऱ्या कासाडीच्या काठची माती ताटात यावी असंही मला वाटत नाही. तळी बुजली किंवा त्यांना सिमेंटचे काठ आले. उरतात भातखाचरं, आणि तीही मोजून आखलेली.

यानंतर मी एक चूक केली. मी तिला चाकावर बसायला सांगितलं.

तिने हात मागे घेतले. चाकाला बायकांनी शिवायचं नाही हा आमच्या घरचा नियम होता, आणि चाळीसपेक्षा जास्त वर्षं तुर्भ्याला राहूनही तो तिच्या हातातून गेलेला नव्हता. माती आणणं, कुटणं, तुडवणं, राख चाळणं, भांडी उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात हलवणं, कावेचा हात देणं, डोक्यावर चुंबळ ठेवून पनवेलच्या बाजारात नेणं, हे सगळं बायकांचं. चाक तेवढं पुरुषाचं. नाव चाकाचं.

"मला काही येत नाही," ती म्हणाली. "मी फक्त थापायचे."

त्या 'फक्त'साठीच मला हा लेख लिहायचा होता.

मी वर्गात शिकले ते असं: चाकावर मातीचा गोळा, मध्यभागी अंगठा, भिंत वर ओढायची, तळ सपाट कापायचा. त्यातून कॉफीचा मग होतो, वाडगा होतो, फुलदाणी होते. माठ होत नाही. केळी होत नाही, डेरा होत नाही, तवली होत नाही. आपल्या घरातलं गोल बुडाचं भांडं चाकावर पुरं होतच नाही. चाकावर फक्त त्याचं तोंड आणि गळा होतो, खाली जाड भिंतीचा बेढब भाग राहतो. तो सावलीत जरा घट्ट झाला की भांडं मांडीवर येतं. आतून एका हातात गुळगुळीत दगडी गोटा, बाहेरून दुसऱ्या हातात लाकडी थापटणं. माती चिकटू नये म्हणून दोन्हींना राख. थापत थापत भिंत पातळ होते, पोट फुगतं, बूड मिटतं. पहिल्या दिवशी एक फेरा, दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी हलक्या थापटण्याने शेवटचा. भिंत किती पातळ झाली ते डोळ्याला कळत नाही, आवाजावरून ओळखायचं.

गोल बूड म्हणजे सपाट करता आलं नाही म्हणून राहिलेलं बूड नव्हे. कोपरा नसला की सुकताना ताण एका जागी साचत नाही, आणि तापताना आच सगळीकडून वर चढते. तीन दगडांच्या चुलीवर ते बसतं, चुंबळीवर बसतं, वाळूत बसतं. ओट्यावर तेवढं बसत नाही. ओटे आले आणि भांड्यांना सपाट बूड लागलं. थापणारीची गरज तिथेच संपली.

"आत्या, चाक येणारी माणसं या शहरात शेकड्याने मिळतील. थापता येणारी मला तू एकटी माहीत आहेस."

"ते काही काम नव्हे गं. घरचं होतं ते."

मी तिला जोर्व्याची गोष्ट सांगितली. प्रवरेच्या काठी 1950-51 मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी खणलं, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीची भांडी निघाली. तांबडं अंग, त्यावर काळी नक्षी, बाजूला तोटी. तिने विचारलं, तोटी चाकावर होत नाही, मग ती कुणी बसवली? मला माहीत नव्हतं. मग मी घोड नदीकाठच्या इनामगावचं सांगितलं. तिथे लहान मुलं दोन मोठ्या भांड्यांत, तोंडाला तोंड लावून, पुरलेली सापडली. घरातल्या जमिनीखाली.

"घराच्या आत?"

"हो."

आत्या गप्प झाली. हातातलं ढेकूळ तिने खाली ठेवलं. "बरोबर आहे," ती म्हणाली. "तेवढ्याशा जिवाला बाहेर कसं ठेवणार."

मग मी जरा पुस्तकी बोलले. जपानच्या यानागी सोएत्सुंचं सांगितलं. रोजच्या वापरासाठी, अनेक हातांनी, अनामिक कारागिरांनी केलेल्या भांड्यांतच खरं सौंदर्य असतं असं ते म्हणत, आणि 1936 मध्ये त्यांनी टोकियोत अशा भांड्यांसाठी संग्रहालय उभं केलं. मला यानागी फार प्रिय आहेत. आत्याने सगळं ऐकून घेतलं.

"त्यांना सुंदर दिसलं ते बरं झालं. पण अनामिक म्हणजे काय? ज्याला कुणी नाव विचारलं नाही तो. माझ्या आईला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं." आणि मग, "सुगीला खळ्यावर धान्य मोजायचे. शेवटी जे उरेल त्यात आमचं सूप. हे सौंदर्यात धरलं का त्यांनी?"

यानागींची बाजू मी अजून सोडलेली नाही. पण ते सूप त्यांच्या मांडणीत कुठे बसतं, हे मला सांगता आलेलं नाही.

आत्याचा खरा मुद्दा मात्र गरजेचा आहे, आणि तो तिने फार नीट मांडला. आधी मंगलोरी कौलांनी आपले हातचे नळे खाल्ले. मग जर्मनची भांडी आली, मग स्टील, मग प्लास्टिकचे हंडे, शेवटी फ्रिज. कुणी कुंभाराचं वाईट चिंतलं नव्हतं, लोकांना सोय झाली. "पितळेत चिंच-आमसुलाचं कालवण कळकायचं. कल्हई गेली की विष. म्हणून मासळीला मातीची तवली. स्टील आलं, कळकणं गेलं. मग तवलीचं काम काय राहिलं? तुझ्या आजीने स्टीलचा पहिला टोप घेतला तेव्हा ती रडली होती. आनंदाने."

"पण चव?"

"चव चुलीची होती. गॅसवर तवली ठेव. मधोमध आच लागते आणि फट म्हणून फुटते."

गॅसवर मी ठेवते. अगदी मंद आचेवर सुरुवात करून, आत पाणी असताना, हळूहळू वाढवत. सातापैकी दोन तवल्या फुटल्या, पाच टिकल्या. पण त्यासाठी चाळीस मिनिटं स्वयंपाकघरात उभं राहावं लागतं, आणि सकाळी सव्वासातची लोकल पकडणाऱ्या बाईला ती चाळीस मिनिटं कोण देणार, हा आत्याचा प्रश्न चुकीचा नाही.

माठाच्या बाबतीतही तिचीच बाजू वरचढ ठरली. माठ गार करतो तो पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं म्हणून, आणि हवेत आधीच ओल भरलेली असेल तर पाणी उडणार कुठे? अकोल्याकडे हवा 42 अंशांवर आणि आर्द्रता 20 टक्के असेल, तर भिजलेलं अंग सुमारे 24 अंशांपर्यंत उतरू शकतं. आपल्याकडे 34 अंश आणि 65 टक्के असेल, तर फार तर 28 पर्यंत. तिकडे अठरा अंशांची उतरण, इकडे सहाची. आत्याला हे आकडे नवे होते, गोष्ट नवी नव्हती. "म्हणून तर आपल्यात माठ कोपऱ्यात ठेवत नाहीत," ती म्हणाली. "दाराशी, खाडीच्या वाऱ्याच्या तोंडाशी ठेवतात. ओलं फडकं बांधून." नव्या इमारतींच्या बंद खिडक्यांआड ठेवलेला माठ गार होत नाही अशी तक्रार मी पुष्कळदा ऐकते. तिथे माठ बरोबर असतो. त्याला वारा मिळत नाही.

एका भांड्यावर मात्र ती अडली. पोपटी.

वालाच्या शेंगा भरल्या की जानेवारी-फेब्रुवारीत रायगडात, अगदी पनवेल-उरणच्या फार्महाऊसांपर्यंत, शेताच्या कडेला पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, मधेमधे अंडी किंवा कोंबडी. तोंडात पुन्हा पाला कोंबायचा, मडकं जमिनीवर उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-पातेरा रचून पेटवायचं. पाण्याचा थेंब नाही. शेंगा आपल्याच वाफेत शिजतात, आणि मडक्याचं अंग थोडी वाफ बाहेर सोडतं म्हणून त्या पाणचट होत नाहीत.

"हे स्टीलमध्ये करून दाखव," मी म्हटलं.

ती हसली. "पोपटीचं मडकं जाड बुडाचं लागतं. बाजारातली मिळतात ती पाण्याची, पातळ. एका पोपटीत जातात. आम्ही वेगळी थापायचो, तोंड अरुंद." आणि हाताने तोंडाचं माप दाखवलं. त्या मापाला पन्नास वर्षं झाली असतील, पण बोटं पुन्हा मोजायची गरज नव्हती.

भाजण्यावरून आमचं सगळ्यात जास्त वाजलं, आणि तेही मी धरून चालले होते त्याच्या उलट. मला आवा हवा होता. जमिनीवर गोवऱ्यांचा थर, त्यावर भांडी, मधे पेंढा, वर फुटकी खापरं आणि चिखलाचं लिंपण, रात्रभर धुमसणारा. हवा खेळती ठेवली की तांबडी भांडी, कोंडली की धूर आत मुरून काळी. गावाबाहेर जागा बघून ठेवली होती.

"विजेची भट्टी आहे ना तुमच्या वर्गात?"

"आहे. पण त्यात ती मजा..."

"कसली मजा? माझ्या आईची छाती धुराने गेली. आवा लावला की पंधरा दिवस खोकायची. आणि एका पावसाच्या सरीत महिन्याचं काम मातीत जायचं. बटण दाबून भाजतं ना? मग बटण दाब."

मी म्हटलं, मग परंपरा कशी राहील? ती म्हणाली, धूर म्हणजे परंपरा नव्हे, धूर म्हणजे नाइलाज. माझा अजून थोडा विरोध आहे. आव्यातल्या भांड्यावर आगीचे डाग येतात, प्रत्येकाचे निराळे, आणि विजेची भट्टी ते देत नाही. पण आईच्या खोकल्यासमोर मी डागांची बाजू किती वेळ लढवणार?

"हे बघ," उठता उठता ती म्हणाली, "शीक. नको कोण म्हणतंय. पण तुझ्या पोरीला धंदा म्हणून देऊ नकोस."

"आणि हात म्हणून?"

त्यावर ती काही बोलली नाही. कोपऱ्यात आणखी एक घमेलं होतं, ते तिने पायाने पुढे ओढलं. आमच्याच गावच्या एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या भातखाचराच्या बांधाची माती मी आणली होती, तांबूस. तिने चिमूट घेतली, जिभेला लावली. या वेळी थुंकली नाही. मग तिने साडीचा पदर खोचला, पाट ओढून बसली, चाकावरून सकाळी उतरवलेलं माझं जाड, बेढब भांडं मांडीवर घेतलं आणि गोटा मागितला. गोटा नव्हता, वरवंट्याचा तुकडा दिला. थापटण्याऐवजी लाटणं बरं नाही म्हणून ओट्यावरचा लाकडी कालथा घेतला. राख देवघरातल्या उदबत्तीची, ती पुरेना, मग पीठ घेतलं.

पहिल्या पाच-सहा थापा अडखळत पडल्या. नंतर आवाज सारखा झाला. चौकातल्या दोन घरांतून मुलं येऊन उभी राहिली.

"ही माती गोडी आहे," भांडं फिरवत ती म्हणाली. "बांधावर खुणेचे दगड लागलेत का?"

"लागलेत. लाल रंगाचे."

"मग रविवारची वाट बघू नकोस, उद्याच जा. चार पोती ने. आणि वरची वीतभर काढून टाक, त्यात मुळं असतात."